डॉ. कोटणीस : दुसऱ्यांचे घाव, स्वतःचे दुखणे

सोलापूरच्या भैया चौकात महापालिकेने जतन केलेले एक जुने घर आहे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचे ते घर. शहरातल्या बहुतेकांना त्यांचे नाव शाळेच्या पुस्तकातून किंवा व्ही. शांताराम यांच्या चित्रपटातून माहीत असते. सोलापूरचा तरुण डॉक्टर युद्धातल्या जखमींची सेवा करायला चीनला गेला आणि परत आला नाही, एवढी गोष्ट सर्वांना ठाऊक असते. तो कशाने गेला, हे मात्र सहसा लक्षात राहत नाही. युद्धावर गेलेला माणूस म्हणजे गोळी लागली असेल किंवा बॉम्ब पडला असेल, असे आपण गृहीत धरतो. कोटणीसांना ना गोळी लागली, ना बॉम्ब. ९ डिसेंबर १९४२ रोजी पहाटे ते अपस्माराने, म्हणजे आपण ज्याला फिट, आकडी किंवा मिरगी म्हणतो त्या आजाराने गेले. तेव्हा त्यांचे वय होते ३२ वर्षे आणि जेमतेम २ महिने.

त्यांच्या आयुष्याकडे त्याग म्हणून पाहण्याची आपल्याला सवय आहे. आरोग्याच्या दृष्टीने पाहिले, तर त्यात आजच्या डॉक्टरांना, परिचारिकांना आणि घरातल्या आजाऱ्याची काळजी घेणाऱ्या कोणालाही उपयोगी पडेल असे बरेच काही आहे.

गिरण्यांच्या गावातला मुलगा

कोटणीसांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. मध्यमवर्गीय घर, दोन भाऊ, पाच बहिणी. त्या काळचे सोलापूर म्हणजे भोंग्यावर उठणारे आणि भोंग्यावर झोपणारे गाव. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी सुरू झाली आणि आजूबाजूच्या दुष्काळी टापूतून मराठी, कानडी, तेलुगू बोलणारी माणसे पोटासाठी इथे आली. कापसाचे तंतू श्वासातून आत घेत दहा-दहा तास उभे राहणाऱ्या कामगारांचे खोकले, दाटीवाटीच्या चाळी, वरचेवर येणाऱ्या साथी हे त्या गावाचे रोजचे आरोग्यचित्र होते.

गाव तापटही होते. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फाशी देण्यात आली. द्वारकानाथ तेव्हा नुकतीच विशी गाठत होते. गावातल्या त्या पिढीला सार्वजनिक काम ही लांबची गोष्ट वाटण्याचे कारणच नव्हते.

लहानपणापासून त्यांना डॉक्टर व्हायचे होते. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीला लागले. त्या काळी डॉक्टर मुलाच्या यशाचा रस्ता ठरलेला असे. मुंबईची पदवी, जमल्यास विलायतेची पदवी, मोठ्या शहरात दवाखाना, मग घर, मग गाडी. घरातल्या एका मुलाने हा रस्ता पार केला की मागच्या भावंडांचेही मार्गी लागे. आठ भावंडांच्या घराची तशी अपेक्षा असणे चुकीचे म्हणता येणार नाही.

चीनची हाक

१९३७ च्या जुलैमध्ये जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सैन्यात जखमींच्या मानाने शिकलेले डॉक्टर अगदीच थोडे होते. आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. ३० जून १९३८ रोजी तेव्हाचे काँग्रेस अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी लोकांना आवाहन केले. देशभरातून २२ हजार रुपये गोळा झाले. एक रुग्णवाहिका, औषधे आणि पाच डॉक्टरांचे पथक पाठवायचे ठरले.

या पथकात पाचपैकी दोघे महाराष्ट्रातले होते. अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल प्रमुख होते. स्पेनच्या यादवी युद्धात त्यांनी काम केलेले होते. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी, आणि सोलापूरचे कोटणीस. कोटणीसांच्या घरी चीनविषयी माहिती होती ती दारोदार रेशीम विकायला येणाऱ्या चिनी फेरीवाल्यांपुरती. तरीही घरच्यांनी परवानगी दिली. १ सप्टेंबर १९३८ रोजी ‘राजपुताना’ बोटीने पथकाने मुंबई सोडली.

कँटनला डॉ. सन यत-सेन यांच्या पत्नी सुंग छिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. पुढे हँकाऊ, मग चुंगकिंग असे पथक सरकत राहिले, कारण मागून एकेक शहर जपान्यांच्या हाती पडत होते. वाटेत पाचही जणांना चिनी नावे मिळाली. प्रत्येक नावाच्या शेवटी चीन देशाचा वाचक असलेला ‘हुआ’ हा शब्द होता. कोटणीस झाले के दिहुआ. याच काळात सोलापूरहून वडील वारल्याची बातमी आली. परत जाण्याचा मार्ग मोकळा होता, सोबत्यांचाही तसा आग्रह होता. कोटणीस मात्र थांबले. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले.

राळ्याचे जेवण, गुहेतले रुग्णालय

येनान हा पिवळ्या मातीच्या डोंगरांचा मुलूख. माणसे डोंगरात खोदलेल्या गुहांत राहत, रुग्णालयेही तशाच गुहांत चालत. कडाक्याची थंडी, पाण्याची टंचाई आणि जेवायला मुख्यतः राळे. सोलापूर भागात राळे म्हणजे आडवर्षी पिकणारे गरिबाचे धान्य. उत्तर चीनच्या डोंगराळ भागात सैनिकापासून सेनापतीपर्यंत सगळ्यांचे पोट त्याच धान्यावर भरे.

चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच मायदेशी परतले, अटल त्वचेच्या आजारामुळे १९४० मध्ये. कोटणीस आणि बसू प्रत्यक्ष आघाडीवर गेले. बसू १९४३ मध्ये परतले. पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकून त्यांनी ते भारतात रुजवले.

ऑगस्ट १९४० मध्ये उत्तर चीनमध्ये आठव्या मार्ग सेनेने मोठी मोहीम उघडली. त्या धुमश्चक्रीत कोटणीसांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. एकदा तर सलग ७२ तास ते शस्त्रक्रिया करत होते. आघाडीवरच्या शस्त्रक्रियेचे शास्त्र साधे आणि कठोर असते. जखमीला रुग्णालयात आणेपर्यंत वाट पाहिली तर रक्तस्राव तरी त्याचा जीव घेतो किंवा जखमेत जंतू शिरतात. पेनिसिलिन तेव्हा तिथे पोहोचलेले नव्हते. जखम लवकर उघडून, मेलेला भाग कापून, स्वच्छ धुऊन मोकळी ठेवणे हाच मुख्य उपाय. म्हणून रुग्णालयानेच जखमीपर्यंत जायचे, ही पद्धत त्या भागात कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून यांनी रुजवली होती. शस्त्रक्रिया करताना बोट कापले जाऊन रक्तात विष भिनल्याने १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथून यांचा मृत्यू झाला होता.

त्यांच्या नावाने उभ्या राहिलेल्या बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. हेबेई प्रांतातल्या तांग तालुक्यातल्या डोंगरी खेड्यांत हे रुग्णालय होते. रुग्णालय म्हणजे एक इमारत नव्हे, गावकऱ्यांच्या घरांत विखुरलेल्या खाटा. जपानी फौजा जवळ आल्या की जखमींना डोल्यांवर घालून डोंगरात हलवायचे, फौजा गेल्या की पुन्हा खाली आणायचे. पट्ट्या धुऊन पुन्हा वापरायच्या, हत्यारे गावच्या लोहाराकडून करवून घ्यायची.

यशाची बदललेली मोजणी

इथे कोटणीसांच्या कामाचा रोख बदललेला दिसतो. एक डॉक्टर दिवसात कितीही राबला तरी तो ठरावीकच शस्त्रक्रिया करू शकतो. पाच वर्षांची पदवी घेतलेले डॉक्टर त्या डोंगरात येणार नव्हते. जे काही व्हायचे ते खेड्यातून आलेल्या, थोडेफार लिहू-वाचू शकणाऱ्या तरुणांना शिकवूनच. बेथून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत कोटणीस शस्त्रक्रियाशास्त्र शिकवू लागले. त्यासाठी ते चिनी भाषा बोलायला, वाचायला शिकले आणि दुभाष्याशिवाय वर्ग घेऊ लागले. विद्यार्थ्यांना हाती धरायला पुस्तक नव्हते, म्हणून त्यांनी ते लिहायला घेतले. सामान्य शस्त्रक्रियेवरचे एक पुस्तक त्यांनी पूर्ण केले. दुसऱ्याची १७५ पाने झाली होती.

मुंबईत ज्याच्या यशाची मोजणी पदवी, फी आणि पाटीवरून झाली असती, त्या माणसाची मोजणी आता त्याच्याकडून शिकून दुसऱ्या गावात जखमा बांधणाऱ्या मुलांच्या संख्येवरून होऊ लागली. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात आज हीच मोजणी मान्य झाली आहे. आपल्या आशाताई आणि गावागावांतल्या आरोग्यसेविका याच विचारावर उभ्या आहेत. मोठ्या डॉक्टरचे ज्ञान थोडे थोडे करून, पण बिनचूक, अनेक हातांत उतरवणे.

त्याच शाळेत क्वो छिंगलान नावाची परिचारिका शिकवत होती. बेथून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात दोघांची ओळख झाली. १९४१ च्या अखेरीस त्यांचे लग्न झाले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले यिनहुआ. चिनी भाषेत ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन.

आजार

कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. सोबत्यांनी आणि वरिष्ठांनी त्यांना तो मुलूख सोडून उपचारासाठी दुसरीकडे जाण्याचा आग्रह केला. त्यांनी तो मानला नाही. रुग्णालय होते, वर्ग होते, पुस्तक अर्धे होते. ८ डिसेंबर १९४२ च्या रात्री झटके सुरू झाले. एकामागून एक येत राहिले. पहाटे सव्वासहाच्या सुमारास सगळे संपले. मुलगा साडेतीन महिन्यांचा होता.

असे एकामागून एक, मधे शुद्धीवर न येता झटके येणे ही अपस्मारातली सर्वांत धोक्याची अवस्था. आजच्या वैद्यकशास्त्रात ५ मिनिटांहून लांबलेला झटका तातडीचा मानतात, कारण त्यानंतर तो आपणहून थांबण्याची शक्यता कमी होत जाते. मेंदूला आणि हृदयाला प्राणवायू कमी पडतो, शरीराचे तापमान चढते, श्वास अडखळतो. रुग्णालयात शिरेतून औषध देऊन तो थांबवता येतो.

त्या काळी अपस्मारावर औषध नव्हते असे नाही. फिनोबार्बिटोन १९१२ पासून वापरात होते. फेनिटॉइन या औषधाचा उपयोग १९३८ मध्ये, म्हणजे कोटणीसांची बोट मुंबईहून सुटली त्याच वर्षी, सिद्ध झाला. पण वेढलेल्या त्या डोंगरात औषधांचीच कोंडी होती. तिथे राहून नियमित औषध आणि नियमित झोप मिळणे अवघड होते. अपस्माराच्या रुग्णाला या दोनच गोष्टी सर्वांत जास्त लागतात.

झोपेचे तर शास्त्रच आहे. जागरण हे झटक्याचे नेहमीचे निमित्त. मेंदूचा विद्युत आलेख काढताना काही रुग्णांना आदल्या रात्री मुद्दाम जागे ठेवतात, कारण न झोपलेल्या मेंदूत दोष चटकन उघडा पडतो. ज्यांना अपस्मार नाही त्यांच्यावरही जागरणाचा परिणाम होतोच. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची सावधगिरी थोडी दारू घेतलेल्या माणसाइतकी उतरते, हे प्रयोगांत दिसले आहे. रात्रपाळीनंतर पुन्हा दिवसपाळी करणाऱ्या निवासी डॉक्टरांच्या कामाचे तास हा म्हणूनच रुग्णांच्याही सुरक्षिततेचा प्रश्न असतो.

कोटणीसांचा हिशेब बरोबर होता का?

या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या जागी उभे राहूनच द्यावे लागते. समोर जखमी असताना, मागे दुसरा शल्यविशारद नसताना कोणता डॉक्टर सुट्टी घेईल? आज शांततेच्या काळात वातानुकूलित खोलीत बसून त्यांना नियम शिकवणे सोपे आहे. तरीही त्यांच्या जाण्याने जे गमावले गेले त्याचा हिशेब टाळता येत नाही. एक पुस्तक १७५ व्या पानावर थांबले. एका शाळेने शिक्षक गमावला. युद्ध पुढे आणखी पावणेतीन वर्षे चालले, तेवढा काळ ते रुग्णालय कोटणीसांविना चालवावे लागले. एका बाळाला वडील आठवण्याइतकेही मिळाले नाहीत. यिनहुआने पुढे वैद्यकीय शिक्षण घ्यायला सुरुवात केली, पण १९६७ मध्ये तो विद्यार्थिदशेतच वारला. क्वो छिंगलान मात्र दीर्घायुषी झाल्या. त्या पुन्हा पुन्हा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटत राहिल्या आणि २०१२ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला.

वैद्यकीय व्यवसायाची स्वतःकडे पाहण्याची दृष्टीही मधल्या काळात बदलली. १९४८ मध्ये जगभरच्या डॉक्टरांच्या संघटनेने जीनिव्हा इथे डॉक्टरांसाठी एक प्रतिज्ञा मान्य केली. तिच्यात रुग्णाचे हित होते, गुरूंचा आदर होता, गुप्तता होती. डॉक्टरच्या स्वतःच्या तब्येतीविषयी एक शब्दही नव्हता. २०१७ मध्ये ही प्रतिज्ञा सुधारली गेली, तेव्हा एक नवे कलम आले. रुग्णाला उत्तम उपचार देता यावेत म्हणून डॉक्टर स्वतःचे आरोग्य आणि स्वास्थ्यही सांभाळील. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या ताणाने येणाऱ्या पूर्ण थकव्याची नोंद आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. स्वतःला झिजवणे हीच सेवेची खूण, ही जुनी समजूत आता शास्त्राने बाजूला ठेवली आहे. दुसऱ्याच्या उपयोगी पडल्याने माणसाला समाधान मिळते, हे खरे. ते समाधान टिकायचे तर झोप, जेवण, औषध आणि काम वाटून घेणारे दुसरे हात लागतात, हेही तितकेच खरे. ज्या घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण आहे आणि त्याचे सगळे एकटी सून किंवा एकटी मुलगी करते, तिथेही हाच नियम लागू आहे.

आजचा अपस्मार

जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे. योग्य निदान आणि नियमित औषध मिळाले तर त्यांतले ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. यातली बरीच औषधे जुनी आणि स्वस्त आहेत. सरकारी रुग्णालयांतही मिळतात. अडचण दोन ठिकाणी येते. झटके थांबले की लोक मनानेच गोळी बंद करतात आणि आजार पुन्हा उलटतो. दुसरी अडचण लपवालपवीची. मुलीला फिट येते हे कळले तर लग्न मोडेल, म्हणून घरे गप्प राहतात. हिंदू विवाह कायद्यात अपस्मार हा लग्नाला अडथळा मानला जाई. १९९९ मध्ये ती तरतूद काढून टाकण्यात आली. कायदा बदलून पाव शतक उलटले, घराघरांतली भीती अजून पुरती गेलेली नाही.

तिशीच्या आसपास पहिल्यांदाच झटका आला तर त्याचे कारण शोधावे लागते. डोक्याला जुना मार, मेंदूतला जंतुसंसर्ग, गाठ, किंवा अस्वच्छ अन्न-पाण्यातून पोटात गेलेली पट्टकृमीची अंडी आणि त्यांचे मेंदूत झालेले कोष अशी अनेक कारणे असू शकतात. मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवून तपासण्या करून घ्याव्यात.

समोर कोणाला झटका आला तर घाबरून जाऊ नये. जवळच्या टोकदार, गरम वस्तू बाजूला कराव्यात. डोक्याखाली मऊ कापड द्यावे, गळ्याभोवतीचे कपडे सैल करावेत आणि माणसाला एका कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ घशात जात नाही. घड्याळ पाहावे. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, पाणी पाजू नये. झटका ५ मिनिटांहून जास्त चालला, लगोलग दुसरा आला, किंवा माणूस शुद्धीवर येईना, तर ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

कोटणीसांची समाधी आज चीनमधल्या शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे. त्यांच्या चिनी नावाची वैद्यकीय शाळाही त्याच शहरात आहे. दोन्ही देशांनी त्यांच्यावर टपाल तिकिटे काढली. भारतात येणारे चिनी नेते त्यांच्या कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले. सोलापुरात भैया चौकातल्या त्या घरात त्यांच्या कामाची माहिती पाहायला मिळते. मुलांना तिथे नेल्यावर चीनच्या युद्धाबरोबरच त्यांच्या आजाराचीही गोष्ट सांगावी. ज्यांना हा आजार आहे त्यांनी तो लपवू नये, तज्ज्ञाला विचारल्याशिवाय एका दिवसाचीही गोळी चुकवू नये आणि रात्रीची झोप मोडू नये.